नऊ किलो आठशे

हिंगोण्याच्या वळणावर, पाटाचं पाणी रस्त्यावर येतं तिथे,
पुढचं डावं चाक खड्ड्यात गेलं
आणि बाहेर आलं ते
उन्हात वाळलेल्या पापडासारखं, एका अंगाने मुडपून.

भुसावळच्या जाफर पिंजारीने ते यंत्रावर फिरवलं.
फिरताना ते मान हलवत होतं,
जेवायला नाही म्हणणाऱ्या म्हाताऱ्यासारखं.
"एक बदलून भागणार नाही, भाऊ. चारही घ्या."

मग दोन चाकं आणून फरशीवर ठेवली.
पाच पाकळ्या इकडे, पाच पाकळ्या तिकडे,
तोच काळसर चकचकाट, तीच धार.
एकाची किंमत सव्वीस हजार,
दुसऱ्याची चार मिळून बावीस.

भाग्येश आधीच दुसऱ्यापाशी उकिडवा बसलेला.
"पप्पा, रस्त्यात कोण वाकून पाहणार आहे?"
मधलं नावाचं झाकण वेगळं मिळतं, जाफर म्हणाला,
ऐंशी रुपयाला.
म्हणाल त्या कंपनीचं.

मी सावद्याच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढली.
केळीचे ट्रक आधी रिकामे, मग भरलेले,
मधली वजाबाकी तेवढी माझी.
डोळ्यांनी मला काहीच कळत नाही.
बामणोदचं वांगंसुद्धा तळहातावर घेऊन ठरवतो:
दिसायला ढोल, हाताला हलकं,
तर बी कमी.
म्हणून विचारलं, जाफरभाई, काटा आहे का?

शेजारच्या भंगारवाल्याचा आला.
महागडं, सात किलो दोनशे.
नक्कल, नऊ किलो आठशे.
फरक दोन किलो सहाशे, म्हणजे केळीची एक भरलेली फणी.
चार चाकांना चार फण्या
उगाच गरगरत राहणार जन्मभर.

जाफर हसला. भिंतीकडे बोट केलं.
खिळ्याला एक नक्कल टांगलेली,
पाकळीच्या मुळाशी केसाएवढी चीर.
"ही आठ महिने चालली. हिच्याच जोडीची एक
यावलला सात वर्षं पळतेय. मी काय सांगू?
ओतताना आत हवा राहिली की नाही
ते ओतणाऱ्यालाही कळत नाही."

माझ्या गाडीची आजची किंमत दीड लाख.
तिच्या पायात एक लाख चार हजार घालायचे!
आई असती तर म्हणाली असती,
पैसे काय झाडाले लागता रे?

आणि एक गोष्ट भाग्येशला माहीत नाही.
अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात
एका व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून मी नऊ दिवस
प्रत्येक ट्रकमागे पन्नास किलो कमी लिहिले.
पावती खरी होती. शिक्का खरा होता.
सही माझीच.
त्या पैशातून घरात पहिला कूलर आला.
वारा चांगला गार द्यायचा.

बावीस हजार मोजले.
झाकणं घेतली नाहीत.
भाग्येश दोन दिवस बोलला नाही.
"भोकं तरी बुजवा," जाफर म्हणत होता, "धूळ जाते."
जाऊ दे, म्हटलं.

आता चाकांच्या मधोमध चार भोकं उघडी आहेत.
मागच्या उजव्यात कुंभारीण माशीने मातीचं घर केलंय.
फिरतं घर. तिची काही तक्रार दिसत नाही.
खड्डा दिसला की मी गाडीची गोगलगाय करतो,
काच खाली घेऊन ऐकतो.
चीर पडताना आवाज होतो की नाही, ठाऊक नाही,
तरी ऐकतो.

परवा रेल्वे फाटकाशी
मोटरसायकलवरचा एक पोरगा चक्क वाकला.
"काका, चाकं भारी हायेत! कोन्त्या कंपनीची?"
फाटक वर जात होतं, मागून हॉर्न सुरू झाले.
भारी तर आहेतच, मी म्हटलं.
नऊ किलो आठशे.