मापवही

बांबोळीहून परतताना, कदंबाच्या खिडकीशी,
मी डॉक्टरांचं वाक्य उसवत बसले होते.
"सापडलंय वेळेवर, पण अजून एक रिपोर्ट यायचाय."
त्या "पण"मध्ये सुई घालून पाहिली.
आरपार गेली नाही.

साखळीच्या बाजारात, बँकेच्या जिन्याखाली माझं दुकान.
बावीस वर्षं गावच्या बायकांची मापं घेतेय.
कोण बाळंतपणात भरली, कोण दुःखात उतरली,
कुणाचा डावा खांदा कळशीनं कायमचा झुकला,
सगळं या लांबट वहीत, निळ्या पेनानं.
त्यांच्या नवऱ्यांना नाही ते मला ठाऊक.
आणि स्वतःची गाठ
अंघोळीत सापडली, वाटाण्याएवढी.
वाटलं, साबणाचा तुकडा चिकटलाय.
दोनदा पाणी ओतलं.

डॉक्टरीणबाईंनी पेनानं रेघ आखली, इथून इथवर.
मी म्हटलं, खडूनं आखायची असते,
पेन राहतं धुतल्यावरही.
त्या हसल्या. मीही हसले, मग थांबता येईना,
मग ते हसू राहिलं नाही.
आयुष्यभर कापड बेतलं,
आता जिवावर बेतलंय, आणि कातरी दुसऱ्याच्या हातात.

रात्री दोनला वाटतं, संपलं.
सव्वादोनला वाटतं, छे, नुसता बॉबिनमधला दोरा संपलाय.
तीनला उठून सगुणच्या शर्टाला बटण लावते.
तो जागाच असतो.
खाणीवर टिप्पर चालवायचा. खाण बंद पडली
तेव्हा असाच पडून छताकडे बघायचा.
"कधी सुरू होईल हो?" मी विचारायची, रोज, भाकरी थापताना.
"कोर्टात आहे," म्हणायचा.
आता मी कोर्टात आहे.
तो विचारत नाही.
फक्त सकाळी माझ्याआधी उठून पाणी तापवतो
आणि बादलीत हात घालून बघतो, पुन्हा पुन्हा.

प्रेमावती आली. चवथीचे चार ब्लाउज.
"माटोळी बांधायच्या आधी देशील मगो?"
याचं उत्तर मी नेहमी कॅलेंडर बघून दिलं.
आज आत बघितलं. तिथे तारखा छापलेल्या नव्हत्या.
"बघूया," म्हणाले.
ती दचकली. माझ्या तोंडी हा शब्द तिनं ऐकलेलाच नव्हता.

बाकावर शेजारी बसते ती इनासिना, म्हापशाच्या बाजारात
चोरीस आणि मिरच्या विकणारी.
तिचं सहावं इंजेक्शन.
"मी शुक्रवारपर्यंतच बघते," म्हणाली, "बाजारापर्यंत.
शुक्रवारी पुढचा शुक्रवार."
मला नाही जमलं. मी त्याच रात्री
दीक्षाच्या लग्नापर्यंत जाऊन आले, आणि तिथे
माझी खुर्ची शोधत राहिले.
पण इनासिनाचा डोक्याचा रुमाल सारखा घसरत होता.
पदराची सेफ्टीपिन काढली,
मागे एक चुणी घेऊन घट्ट बसवला.
तेवढा वेळ, दोन मिनिटं असतील,
मला काहीही झालेलं नव्हतं.

काल दुकान बंद करताना वही काढली.
बावीस वर्षांत माझंच पान नाही तिच्यात.
नाव लिहिलं. तारीख लिहिली.
खांदा, बाही, उंची: निळ्या पेनानं.
छातीचं माप पेन्सिलीनं.

मग प्रेमावतीचं कापड पसरलं, हळदीच्या रंगाचं.
बेतताना माया सोडली, नेहमी अर्धा इंच,
काल पाऊण सोडली.
वाढेल, उतरेल, कोण जाणे.
उसवून पुन्हा शिवता आलं पाहिजे.
कुणी शिवेल, ते नाही लिहिलं.

रिपोर्ट गुरुवारी.
आज मंगळवार. दोन ब्लाउज होतील.
तिसऱ्याची हुकं राहतील कदाचित.