श्वास धर

परभणी. रात्रपाळी. चार नंबरचा बेड.
रज्जाकभाई पिंजारी, मानवतचे.
चाळीस वर्षं लोकांच्या गाद्या पिंजल्या,
उडालेला कापूस थोडा आत राहिला.
आता त्यांच्या वाटचा श्वास मशीन घेतंय
आणि नळीत काहीतरी घरघरतंय.

आम्रपाली तक्ता दाखवते: सिस्टर, दोन तास झाले.
घड्याळाला कफ होत नाही, माय.
छातीवर हात ठेव. लागली थरथर?
मग चल. नसती लागली तर हात खिशात.

आधी त्यांना सांग. कानाशी वाकून,
झोपेचं औषध चालू असलं तरी:
चाचा, नळी साफ करतेय, खोकला येईल, येऊ द्या.
मग पूर्ण ऑक्सिजन, मिनिटभर.
वाट छोटी असली तरी
माणसाला उपाशी धाडू नये.

हातमोजा घातला की तो हात तुझा नाही,
नाक खाजलं तरी नाही.
नळीच्या निम्म्याहून बारीक कॅथेटर,
मोजलंय तेवढंच आत.
जाताना अंगठा उचललेला.
आडात बादली सोडताना कुणी दोर ओढतं का?

आणि हे तक्त्यावर लिहिलेलं नाही:
आता तूही श्वास धर.
अंगठा ठेव. ये मागं. ये, ये.
तुझा जीव कासावीस झाला
की समज, त्यांचा केव्हाच झालाय.

शहाण्णव. त्र्याण्णव. एक्याण्णव.
बाहेर! ऑक्सिजन!

सिस्टर, अजून थोडं राहिलंय.
राहू दे.
मीही एकदा म्हटलं होतं, अजून थोडं.
पाथरीचा पोरगा, एकोणीस वर्षांचा.
हिरवा आकडा चाळीसवर उतरला.
आकडा परत वर आला,
माझा हात आठवडाभर नाही आला.

कॅथेटर मुठीत गुंडाळ,
त्याच्यावरून मोजा उलटा काढ,
मळ आत, तू बाहेर. लाल डब्यात टाक.

दाराच्या काचेपलीकडं हाजराबी:
हलका लगा क्या उनको, बाई?
मी मान हलवते.
रज्जाकभाईंची दोन बोटं
चादरीचा काठ ताणतात, सोडतात,
ताणतात, सोडतात,
कमानीची तात लागली का बघावी तशी.

सत्त्याण्णव.
आम्रपाली अजून तशीच उभी, गाल फुगलेले.

सोड, म्हटलं.
सोड आता.