ज्वारीचा सीन

पिक्चरचं नाव ‘माळावरचा बदला’.
बजेट म्हणजे दिगांबरच्या बायकोच्या पाटल्या
आणि माझा लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा,
हप्ते न फिटलेला.

हॅट कंधारच्या उरसातल्या.
घामानं रंग उतरायचा,
कपाळावर निळी रेघ घेऊन हिंडायचे आमचे काऊबॉय.
पिस्तुलं टिकल्यांची.
घोडा एकच, चाँदपाशाचा, वरातीतला;
लांब कुठं हलगी वाजली
की पाठलाग सोडून जागच्या जागी नाचायचा.
हिरो मानेला मिठी मारून ओरडायचा, ‘पाशाभाई, आवरा!’
तेही शूट झालंय.

गोष्ट साधी.
माळावर बिऱ्हाडं येतात, दगड वेचतात, जमीन फोडतात.
गुरांचा एक मोठा मालक असतो,
त्याला माळ मोकळा पाहिजे असतो.

गुरं कुठून आणायची?
दीडशे लाल कंधारी एकाच दावणीला,
अशी दावण पंचक्रोशीत नागोरावांची.
ते म्हणाले, न्या. पैसा नको.
मालकाचं काम मीच करतो.
फक्त मी मरणार नाही.
दिगांबरनं तिथंच, मांडीवर वही घेऊन
शेवट खोडला.

बिऱ्हाडं शोधावी लागली नाहीत.
गायरानावर अकरा घरं होतीच,
मेकअप न लागणारी.
धुरपताबाईला डायलॉग होता,
‘ही जमीन आमच्या घामाची आहे!’
ती म्हणाली, असं कोन बोलतंय बाबा?
मग तुम्ही कसं बोलता?
‘आमी बोलत न्हाई. राखन करताव.’

ज्वारी हुरड्यात आलेली.
ठरलं होतं, गुरं बांधाच्या अलीकडं थांबतील,
पुढचं एडिटिंगमध्ये बघू.
नागोरावांनी हॅट सारखी केली
आणि गुराख्यांना हाळी दिली.
तो आवाज वहीत लिहिलेला नव्हता.

ताटं मोडताना ऐकलीत कधी?
खूप मोठं तोंड
सावकाश पापड खातंय, असं वाटतं.

अकरा घरं धावली. गोफणी, धोंडे, एक केरसुणीसुद्धा.
एक पोरगं टिकल्यांचं पिस्तूल
गुरांच्या अंगावर उडवत राहिलं,
टिकल्या संपल्यावर तोंडानं.
धुरपताबाई वळूच्या शिंगाला लोंबकळत
सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणाली,
‘काय बगायलास रे, हाण की!’

मी फोकस सोडला नाही.
दिगांबर कट म्हणायचं विसरला
का म्हणालाच नाही,
हे आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही.

पिक्चर पुरा झाला नाही.
घोडा लग्नसराईला गेला, पाटल्या मोडीत,
दिगांबर पुण्याला, कुठल्याशा कंपनीच्या गेटवर.

अठरा वर्षांनी ती माझ्या दुकानात आली.
हातात नोटीस, घडी घालून घालून मऊ झालेली.
तहसीलात म्हणतात, पुरावा दाखवा,
नव्वदच्या आधी तुम्ही तिथं पेरत होता याचा.
‘तुज्या डब्यात हाय का बाबा आमची ज्वारी?’

होती. बुरशी धरलेली.
रात्रभर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत बसलो.
खाली कोपऱ्यात पांढऱ्या आकड्यांत तारीख,
जानेवारी एकोणनव्वद.
लग्नवाल्यांना लागते म्हणून चालू ठेवायची सवय.

स्टुलावर टीव्ही. नायब तहसीलदार
आधी घोड्याला हसले.
मग ज्वारी आली. बारा सेकंद उभी होती.
मग गुरं. मग हॅटमधले नागोराव,
निळ्या कपाळाचे, स्वच्छ ओळखू येणारे.
साहेबांनी विचारलं, हे पीक कुणाचं?
‘दिसायलंय की,’ धुरपताबाई म्हणाली.

फायलीला एक कागद जोडला गेला.
फाईल अजून त्याच कपाटात असेल.
बाहेर चहाच्या टपरीवर मी धीर करून म्हणालो,
मावशी, त्या दिवशी मी कॅमेरा टाकून धावलो असतो
तर आज हे दाखवायला राहिलं नसतं.

तिनं बशीतला चहा संपवला.
बशी उपडी केली.
‘खरं हाय,’ म्हणाली.
‘तरी बी हाणायला पायजे होतं.’