चादरीचा कोपरा

कंपनीचा इतिहास मला तोंडपाठ आहे,
मनिलात पहिल्याच आठवड्यात तो घोकून घेतात:
सन एकोणीसशे अकरा, नॉर्वे, हाउगवीक नावाचं बंदर,
बोर्गहिल्ड सेटरॉय, वय चौतीस, नवरा समुद्रात गेलेला,
पदरी एक मुलगा आणि सात पलंग.
सात पलंग कुठून आले
ते पुस्तिकेत नाही.

हेरिंगच्या हंगामात खलाशी यायचे,
बाह्यांवर माशांचे खवले चमकत.
पैसे आधी, सूप नंतर,
बूट दाराबाहेर.

मुलगा तुर्लाइफ हिशेबाला पक्का.
सातांचे सत्तर केले, लाकडाच्या जागी वीट आणली,
मग बंदर सोडून राजधानीत गेला.
लढाईत परक्या फौजेचे अधिकारी पाच वर्षं राहिले;
त्यांचं बिल तो रोज लिहीत राहिला.
कुणी भरलं नाही.
ती वही आता मुख्यालयात काचेखाली आहे.
मुख्यालय सिंगापुरात आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
कंपनीने आधी पाय पसरले,
लिस्बन, बैरूत, नैरोबी, मनिला,
अंथरूण मागाहून आलं, बँकेकडून.
बैरूतचं जळलं.
नैरोबीचं तीनदा विकलं, दोनदा परत घेतलं.
नातवाने नाव ठेवलं आणि घरं विकली.
आज एकाहत्तर देशांत सहाशे बारा इमारती,
त्यांतली एक भिंतही कंपनीची नाही.
भाड्याने जाते ती पाटी,
आणि पाटीबरोबर नियम.

ते नियम घेऊन मी फिरते.
लुर्देस मकाराएग, मूळची इलोइलोची.
एकोणिसाव्या वर्षी दिवसाला सोळा खोल्या, बत्तीस पलंग,
चादरीचा उजवा कोपरा उलटा दुमडायचा, पंचेचाळीस अंश,
मुकादमीण पुठ्ठ्याचा त्रिकोण घेऊन मागे.
श्रीमंती अशी दिसते, ती म्हणायची.
एकदा चार अंश चुकले
तर अर्ध्या दिवसाची मजुरी कापली.
आता तो त्रिकोण माझ्या पिशवीत असतो.
प्लास्टिकचा.

मार्चमध्ये हाउगवीकला पाठवलं.
पहिलं घर, अजून पाटीखाली,
कुणाला काढायचं सुचलं नव्हतं म्हणून.
जिना सत्तर सेंटिमीटर, नव्वद हवा.
लिफ्ट नाही. खिडक्या चिकटलेल्या.
स्वागतकक्षात वास, उकडलेल्या बटाट्यांचा.
दोनशे चौदा प्रश्नांत एकशे तीन नापास;
मी लिहीत गेले,
आणि राखणदार ऑइस्टाइन कॉफीचा कप धरून
माझ्या मागे मागे, काही न बोलता.
शेवटची बोट गेली होती. रात्र इथेच काढा, म्हणाला.

खोलीच्या दारात थांबला,
दिवा मालवून बघा, म्हणाला.
त्याची आत्या इथे भांडी घासायची, तिने पाहिलेलं:
बोर्गहिल्डकडे तेलाला पैसे नसायचे.
खलाशी अंधारात वर यायचे, कुणी पिऊन, कुणी नुसता थकून,
आणि झोपलेल्याच्या अंगावर पडायचे.
मग शिव्या, मग गुद्दे.
म्हणून रिकाम्या पलंगाचा कोपरा ती दुमडून ठेवायची,
हाताला लागावा.
चादर सरळ म्हणजे आत माणूस आहे.

इतकंच.

मी मालवला. भिंत चाचपडली, लाकूड,
मग गार कापड, मग दुमड.
बत्तीस गुणिले सहा दिवस गुणिले अकरा वर्षं:
हिशेब करत पडून राहिले,
मध्येच आकडा हरवला.
त्यांतल्या एकाही पाहुण्याने दिवा मालवून तो कोपरा शोधला नसेल.

सकाळी पलंग मीच लावला, सवयीने,
त्रिकोण न काढता.
अहवालात काही बदललं नाही, बदलण्यासारखं नव्हतं;
जिना सत्तरच होता.

दहाला पाना घेऊन एक पोरगा आला, पाटी उतरवायला.
शिडी डुगडुगत होती, खाली बर्फ.
ऑइस्टाइन आत गेला.
शिडी मी धरली.