वहीतली दुरुस्ती

नव्या पेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी कानांचा आलेख दाखवला.
डावीकडून शहाण्यासारखी चाललेली रेघ
चार हजारांपाशी येते
आणि विहिरीच्या काठावरून पाय घसरावा तशी जाते.
"काम काय करायचात?"
तांबट, म्हटलं. कसब्यात. त्रेचाळीस वर्षं मठारकाम.
"मग बरोबर आहे," म्हणाल्या,
हिशेब जुळल्यासारखा चेहरा करून.

मशीन दिलंय. ड्रॉवरमध्ये आहे.
वारा आला की त्यात फक्त वारा येतो.

आता रविवारी सहाला वेताळ टेकडी.
पंचवटीच्या बाजूने चढतो, तस्नीम इनामदार पुढे.
गळ्यात दुर्बीण आहे, पण तिची मोजणी कानावर.
झुडपात काही हलत नसतं
आणि ही चालता चालता वहीत उतरवते:
राखी वटवट्या, एक. शिंपी, दोन.
चष्मेवाले, थवा.
मी बघतो तिकडे. पानं.

मला खालच्या मजल्यावरचे भाडेकरू ऐकू येतात.
भारद्वाज: रिकाम्या हंड्यात तोंड घालून
कुणी ऊप ऊप करावं तसा.
होला. खाणीपलीकडचा मोर.
वरच्या मजल्यावर काय चाललंय
ते तस्नीम सांगेल तेव्हा.

मागच्या रविवारी गिरिपुष्पाच्या फांदीवर,
हात लांब केला असता तर लागला असता इतका जवळ,
नाचण येऊन बसला.
शेपटीचा पंखा उघडला, मिटला.
चोच उघडली, गळा थरथरला.
काही नाही.
समोरच्या इमारतीत, बंद काचेमागे
कुणी तावातावाने बोलतंय, तसा.

आणि हा दुसरा, आमच्या आडनावाचा पक्षी.
मुठीएवढा, हिरवा, कपाळावर कुंकू सांडलेला.
हा चोच उघडतच नाही.
मिटल्या चोचीने नुसता गळा फुगवतो:
टुक. टुक. टुक. टुक.
तो मला टेकडीच्या पायथ्यापासून ऐकू येतो.

लोक म्हणतात, हातोडीसारखा.
कुठली हातोडी? कशावर?
खरवईवर चढवलेला पत्रा वेगळा बोलतो,
बूड वेगळं बोलतं, काठ तर भांडतो.
हा आवाज लाकडी मोगरीचा आहे,
भट्टीतून काढून निवलेल्या घागरीवर.
तस्नीमने हे सगळं लिहून घेतलं नाही.
तिने लिहिलं: तांबट, एक.

मी थांबलो.

थोरला दिगंबर आणि मी एकाच हंड्यावर बसायचो,
समोरासमोर. त्याचा ठोका, माझा ठोका.
गल्लीतून जाणाऱ्याला एकच हात वाटायचा.
पण दिगंबरचा केसभर उशिरा पडे.
वडील ओरडून थकले,
तो केस काही निघाला नाही.

"दोन आहेत," मी म्हटलं.
"एकच आहे काका. सारखा लागोपाठ येतोय."
"लागोपाठ येतोय म्हणूनच. दुसरा मागे पडतोय."

मग पहिल्यांदाच तिने दुर्बीण लावली.
पांगाऱ्याच्या शेंड्यावर, लाल फुलांत, एक.
पुष्कळ वेळ गेला. मी खडकावर बसून घेतलं,
फिरायला आलेल्या दोन कुत्र्यांनी माझा वास घेतला.
"उंबरात," ती म्हणाली. "खाली. आहे."
तिने एक खोडला, दोन केला,
आणि खोडलेलं पुसलं नाही.

उतरताना मी विचारलं,
तो नाचण म्हणतो तरी काय?
ती वाटेतच उभी राहिली, ओठ गोल केले
आणि शीळ घातली.

पायरी. पायरी. पायरी. पायरी.
मग नुसते ओठ.
गाल आत गेलेले, भुवया वर,
कुठेतरी उंच काहीतरी नेऊन ठेवत होती ती,
सांडू नये म्हणून सावकाश.

"कळलं?"
"एकूण किती आहेत?"
"सहा. कधी सात."
म्हटलं, माझ्या नावावर चार लिही.