वाल्देसिरचा रस्ता

रविवारी साओ पाउलोतला तो उंच पूल
गाड्यांना बंद असतो.
वाल्देसिर म्हणाला, चला, माझा रस्ता दाखवतो.

दोन बस, एक मेट्रो, धाकट्याची एक उलटी,
आणि मग आम्ही चौघं चक्क
मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर.
राइसा डांबरावर आडवी झाली, हात पसरून.
"आई, रस्त्याला ताप आलाय."

उसाचा रस, पण भाव ऐकून
एकच पेला घेतला. चार नळ्या.

वाल्देसिर मात्र खिडक्या बघत चाललेला.
सहा वर्षं टेम्पो हाकतोय इथून,
तिसऱ्या मजल्यांच्या कानाला लागून.
"हा निळा पडदा नवीन दिसतोय.
इथला पोपट गेला बहुतेक.
इथे एक म्हातारा बनियनवर दाढी करतो."
मला वाटायचं, हा घरी बोलत नाही
कारण सांगण्यासारखं काही घडतच नसावं.

एका ठिकाणी कठड्याला टेकून थांबला.
समोर चार हातांवर एक बाई
नेच्याच्या कुंडीला पाणी घालत होती.
त्याने हात केला, सवयीचा.
तिने आधी मागे वळून पाहिलं,
मग झारी जराशी उंचावली.

"कोण रे ती?"
"काय माहीत. पण जूनमध्ये पंधरा दिवस
दिसलीच नव्हती.
जीवाला घोर लागला होता."

जूनमध्ये मीसुद्धा
आठवडाभर आईकडे होते.
विचारणार होते काहीतरी,
पण धाकट्याला
पुन्हा मळमळायला लागलं.