निष्क्रिय संस्थांची यादी

जिल्ह्याच्या धर्मसंस्था कक्षातून आलोय, म्हटलं.
इसोएबाईंनी आधी माझे चिखलाचे बूट पाहिले,
मग ओळखपत्र.

चार वर्षं विवरण नाही.
विश्वस्त तिघे. दोघे वारले,
तिसरा ओसाकात, फोन उचलत नाही.
उपास्य दैवत?
'डोंगरावरचा,' म्हणाल्या.
अनुयायी किती?
बोटं मोजता मोजता चौथ्या बोटाशी अडल्या.
'कुवाताचा म्हातारा आहे की गेला,
विचारायला हवं.'

देवळाचं छप्पर एका अंगाने बसलेलं.
दानपेटीत कोळ्याचं जाळं, एक नाणं.

मागच्या महिन्यात शहरातून दोघे येऊन गेले,
लांबलचक गाडी, खोक्यात एकच खरबूज.
देव नको म्हणाले, देऊळ नको,
रानसुद्धा नको,
नोंदणीचा क्रमांक तेवढा द्या.
'त्याला कर लागत नाही म्हणे.
काय पिकतं हो त्या आकड्यात?'
मला ठाऊक होतं. सांगितलं नाही.
खरबूज तसंच होतं कोनाड्यात, मऊ पडलेलं.

मी कागद पुढे सरकवला:
विसर्जनास संमती, खाली शिक्का.
बाईंनी कमरेच्या पिशवीतून शिक्का काढला,
त्यावर तोंडाची वाफ सोडली,
आणि पुन्हा पिशवीत ठेवला.
'आज नको. झाडायचं राहिलंय.'

एकशे बारा पायऱ्या.
उतरताना एक रकाना कोराच होता:
धार्मिक कृत्ये चालू आहेत काय?
वर खराटा चालला होता,
मध्येच थांबायचा, खोकायचा,
पुन्हा चालायचा.

गाडीत बसून मी
पुढल्या भेटीची तारीख घातली.
बर्फ वितळल्यानंतरची.